दाजींच्या पिकअपचे चिखलाचे टायर

१९८८ साल. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. त्या सालच्या भाद्रपदात दाजींनी माझा हात धरला, त्यांच्या पिकअपच्या मागच्या टायरच्या खाचेत माझं बोट घातलं आणि विचारलं, "सांगा मेव्हणे, कुठवर गेलं?"

मी म्हणालो, "पेरापर्यंत."

"मंग बसा गाडीत. ज्या दिवशी निस्तं नखापर्यंत जाईन, त्या दिवशी बसू नका. तुमच्या बहिणीनं सांगितलं तरी बसू नका."

दाजी माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी त्याच्या गाडीचं चाक. मास्तर सायकलवर आले तर सायकलच्या चाकाकडं बघून रामराम घालायचे. बैलगाडीच्या जागी रबरी चाकाचे गाडे आले तेव्हा त्यांच्याकडंही वाकून बघायला लागले. वाकायची त्यांची एक रीत होती. उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा, डावा हात टायरवर ठेवायचा आणि मान अशी कलती करायची की जणू टायर काहीतरी हळू आवाजात सांगतोय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. पण सगळं गाव त्यांना दाजीच म्हणायचं. म्हातारे म्हणायचे, त्यांची नातवंडंही म्हणायची. ते आमच्या गावचे जावई होते आणि आमच्याच गावात येऊन राहिले होते. घरजावई नव्हेत. कोणी तसा शब्द काढला तर मी तेव्हाही भांडलो आणि आजही भांडीन. त्यांच्या गावाची जमीन तलावात गेली. घर, विहीर, चिंचेचं झाड, सगळं पाण्याखाली. मिळालेल्या मोबदल्यातून त्यांनी आमच्या शिवारात जमीन घेतली, तिच्यात मोसंबी लावली आणि एक जुना पिकअप आणला. अक्का म्हणायची, "पिकअप काहून आणला?" ते म्हणायचे, "एकदा पाणी आलं तर गाव उचलून न्यायला बैलगाडी पुरली न्हाई."

आमचं गाव वडीगोद्रीच्या डांबरी रस्त्यापासून बरंच आत. मध्ये दोन नाले आणि काळ्या मातीची पांदण. उन्हाळ्यात ती पांदण दगडासारखी आणि पावसाळ्यात लोण्यासारखी. पाय घातला तर चप्पल आत राहायची, पाय वर यायचा. आंबे बहाराची, म्हणजे थंडीच्या शेवटी फुललेली, मोसंबी नेमकी अशाच दिवसांत तोडणीला येते. १९८८ ला पाऊस थांबायचं नाव घेईना. व्यापाऱ्याचा ट्रक डांबरी रस्त्यावर उभा, आमची फळं झाडावर पिवळी पडून गळायला लागलेली. ट्रॅक्टर नाल्यात रुतला. बैल पोटापर्यंत चिखलात गेले. तेव्हा दाजींचा पिकअप निघाला. हवा थोडी कमी केली, पहिला गियर घातला आणि बाहेर तोंड काढून पुढच्या चाकाशी बोलत बोलत त्यांनी गाडी नाल्यातून वर काढली. मी मागं फळांवर बसलो होतो. आमच्या मागं टायर चिखलाचे गोळे उडवत होता आणि प्रत्येक गोळा उडाला की खाच स्वच्छ होत होती. गावातल्या प्रत्येक बागेचं फळ त्या पिकअपनं ट्रकपर्यंत पोचवलं. स्वतःचं फळ दाजींनी सगळ्यात शेवटी नेलं. तोवर त्यातलं अर्धं जमिनीवर पडलं होतं.

त्या सालापासून दाजींच्या टायरला गावात मान आला.

टायर निवडायची त्यांची तऱ्हा बघायला मी मुद्दाम बरोबर जायचो. वडीगोद्रीला रस्त्यालगत शेटजींचं टायरचं दुकान होतं. शेटजींचं घराणं राजस्थानकडचं, पण आजोबांपासून इथलंच. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, फार चिडले तरच मारवाडीत जायचे. दाजी दुकानात शिरायचे ते उपरण्यात आमच्या पांदणीतली माती बांधून. शेटजींकडं पाणी मागायचे, माती कालवायची, लगदा करायचा आणि नव्या कोऱ्या टायरच्या खाचांत अंगठ्यानं दाबून भरायचा. मग टायर उन्हात ठेवायचा आणि आम्ही चहा प्यायचो. माती वाळायला लागली की दाजी टायर उचलून जमिनीवर आपटायचे. माती आपोआप गळून पडली तर टायर पास. अडकून राहिली तर नापास.

"दाजी," शेटजी म्हणायचे, "हे टायरचं दुकान हाय, कुंभारवाडा न्हाई."

"शेटजी, टायरनं माती खाल्ली तरी चालते. पचवली न्हाई पाहिजे. थुंकली पाहिजे."

"अन् हे चिखल लागलेले टायर मी कोणाला विकू?"

"जो चिखलात राहतो त्याला."

दाजींकडं टायरचे दोन जोड होते. एक सरळ धारीचा, तो डांबरी रस्त्याचा. दुसरा मोठ्या ठोकळ्यांचा, खोल खाचांचा, तो चिखलाचा. पुढं पुढं शेटजींच्या दुकानात तिसरा टायर आला. त्याच्या मधोमध बारीक नक्षी आणि कडेला ठोकळे. शेटजी म्हणाले, "दाजी, हा दोन्हीकडचा. डांबरावर आवाज करत न्हाई, चिखलात पकड बराबर धरतो. बारा महिने काढायची-घालायची कटकट न्हाई. जालन्याला आता सगळे हेच मागून राह्यले."

दाजींनी गुडघा टेकवला, हात ठेवला, मान कलती केली. बराच वेळ बघितलं. मग उठून हात झटकले. "डांबरावर म्हणतो मी डांबराचा, चिखलात म्हणतो मी चिखलाचा. आसल्या माणसाला आपण घरात घेतो का?"

"हा माणूस न्हाई, टायर हाय."

"तेच तर. माणसाला निदान विचारता तरी येतं."

मला तो टायर चांगला वाटला होता. मी तसं तोंडावर सांगितलं. मी शाळा चौथीतच सोडली, पण ज्याचं खरं त्याला खरं म्हणायला शाळा लागत नाही. घरी आल्यावर दाजी अक्काला म्हणाले, "तुझा भाऊ शेटजींच्या दुकानात कामाला लागला वाटतं."

माझ्या थोरल्या मुलीला बघायला वाटूरकडचे पाहुणे जीप घेऊन आले होते. आम्ही सगळे बैठकीत. पोहे आले, चहा आला, दाजींचा पत्ता नाही. बघतो तर पाहुण्यांच्या जीपशेजारी गुडघा टेकवून बसलेले. आत आले आणि सगळ्यांसमोर मुलाच्या चुलत्याला विचारलं, "पाव्हणे, पुढची दोन्ही चाकं आतल्या अंगानं खाल्ली. किती दिवस झाले?"

चुलते म्हणाले, "आम्ही गाडी चालवतो. चाकाखाली काय बघायचं?"

पाहुणे गेल्यावर दाजी मला म्हणाले, "देऊ नका. जो माणूस आपल्या गाडीचं चाक बघत न्हाई, तो सुनेच्या पायातली चप्पल काय बघणार?" मी तिथंच मुलगी दिली. पोरगी सुखात आहे. दाजी चुकले होते आणि मी त्यांना हे दर दिवाळीला ऐकवायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मंग नंतर चाकं बदलली आसतील त्यांनी."

आता जी रीत पुढं सगळ्याला कारण झाली, ती सांगतो.

मृग निघायच्या आदल्या दिवशी दाजी माळ्यावरून चिखलाचे टायर काढायचे. विहिरीवर नेऊन धुवायचे. मी जॅक लावायचो, पान्यानं नट खोलायचो आणि सरळ धारीचे चारही उतरवायचो. शेटजी म्हणायचे की चिखलाचे मागं दोनच पुरतात, जोर मागच्या चाकांनाच असतो. दाजींना ते मान्य नव्हतं. "जो पुढं जातो त्यालाच आंधळा ठेवायचा का?" चारही टायर चढले की अक्का एकेका चाकाला हळद-कुंकू लावायची आणि पुढच्या उजव्या चाकापाशी नारळ फुटायचा. दिवाळीच्या पाडव्याला हेच उलटं. चिखलाचे उतरायचे, धुऊन माळ्यावर जायचे, सरळ धारीचे चढायचे.

आधी लोक हसायचे. मग हळूहळू गावाला त्याचा नाद लागला. "दाजींचे टायर चढले" म्हटलं की माणसं बियाणं बघायला लागायची. "दाजींचे टायर उतरले" म्हणजे साल संपलं, आता पाण्याची आशा धरायची नाही, आहे त्यात भागवायचं. विहिरीवर बायका अक्काला विचारायच्या, "अक्का, टायर चढले का वं?" सगळ्यांना ठाऊक होतं की पाऊस टायर बघून येत नाही. दाजींनाही ठाऊक होतं. पण दरसाल तसं घडत गेलं की जे ठाऊक असतं ते माणूस बाजूला ठेवून देतो.

मग दोन हजार सालानंतरची ती दोन वर्षं आली.

पहिलं साल अर्धं कोरडं गेलं. दुसऱ्या सालीही मृगाला टायर चढले, हळद-कुंकू झालं, नारळ फुटला. मृग गेला, आर्द्रा गेल्या, एकेक नक्षत्र नुसतं नाव सांगून गेलं. श्रावणात विहिरी तळाला लागल्या. मोसंबीचं झाड मोठं फसवं असतं. आठ-दहा वर्षं पोरासारखं वाढवायचं तेव्हा भरात येतं, आणि एका उन्हाळ्यात पाणी तुटलं की जातं. ते परत लावायचं म्हणजे माणसाचं वय परत आणायचं. दाजींचं वय तेव्हा साठीच्या पुढं होतं.

त्यांनी पिकअपमध्ये प्लास्टिकची मोठी टाकी ठेवली. डांबरी रस्त्यापलीकडं कालव्याच्या खालच्या अंगाला एक विहीर होती, तिला पाणी होतं. तिथून टाकी भरून आणायची आणि एकेका झाडाच्या बुडाशी बादलीनं ओतायची. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत खेपा. पिकअपला मात्र चाकं चिखलाची. सगळा रस्ता कोरडा, अर्धा डांबराचा, वर पाण्याचं वजन. ते टायर डांबरावर घुंऽऽ असा आवाज करायचे. शिवारात काम करताना त्या आवाजावरून कळायचं की दाजींची खेप आली.

पाडव्याच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे जॅक आणि पाना घेऊन गेलो. दाजी ओट्यावर बसले होते.

"पाना ठेवा खाली," ते म्हणाले.

"पाडवा हाय आज."

"मला माहीत हाय. ठेवा."

"दाजी, ठोकळे झिजून राह्यले. हे टायर डांबराचे न्हाईत, वजनानं तापतात. तुम्हीच मला शिकवलंय."

"मंग बिलकुल बराबर शिकलात. ठेवा पाना."

"काहून पण?"

ते म्हणाले, "आज हे उतरवले की सारं गाव म्हणंल, दाजीनं सांगितलं, पाऊस गेला. मी काहून सांगू? अजून अवकाळी येतो. दोन मोठे पाऊस आले तरी झाडं जगतात."

अक्का आतून म्हणाली, "अहो, टायर ठेवल्यानं का पाऊस येतो?"

"येत न्हाई. पण काढल्यानं माणूस जातो."

मी पाना घेऊन घरी आलो. पुढं महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. खेपा मात्र बरोबरच केल्या.

टायर उतरले नाहीत ही गोष्ट गावात फिरली. निम्मं गाव हसलं, निम्मं गाव थांबलं, आणि पुष्कळदा हसणारी आणि थांबणारी माणसं एकच होती. आमच्या शेजारच्या रंगनाथनं मोसंबीची एक ओळ तोडायला घेतली होती. दाजी त्याच्या बांधावर गेले. रंगनाथ कुऱ्हाड टेकवून म्हणाला, "दाजी, एक सांगा. टायर हायत का अजून चढलेले?"

"हायत."

"मंग ठेवतो कुऱ्हाड."

ते त्यानं चेष्टेत म्हटलं की खरं, मला आजवर कळलेलं नाही. पण कुऱ्हाड त्यानं खरंच ठेवली, आणि त्याचं बघून इतरांनीही ठेवली. संक्रांत गेली, शिमगा गेला. शेटजी रस्त्यात गाडी थांबवून सांगायचे, "दाजी, त्या चाकांवर दया करा. डांबर त्यांना खाऊन टाकीन." दाजी हात जोडून पुढं निघायचे.

चैत्रात भर दुपारी, भरलेली टाकी घेऊन येताना, मागचा डावा टायर फुटला. मी शेजारी बसलो होतो. बंदुकीसारखा आवाज झाला, गाडी कलली, रस्त्याच्या कडेच्या दगडावर चढून थांबली. आम्हाला काही लागलं नाही. टाकी मात्र खाली पडून चिरली. पाणी डांबरावर पसरलं आणि आमच्या डोळ्यांदेखत वाळत गेलं. कडेला थोडा ओलावा राहिला, तिथं दोन चिमण्या येऊन बसल्या. दाजी रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून त्या चिमण्यांकडं बघत राहिले. मी म्हणालो, "उठा, स्टेपनी लावू." ते म्हणाले, "पिऊ द्या त्यांना आधी."

स्टेपनी सरळ धारीची होती, ती लावून गाडी कशीबशी घरी आणली. मग मी माळ्यावर चढलो. सरळ धारीचे चारही टायर काढले. पत्र्याखाली ते मृगापासून पडून होते. बगलेला हात लावला तर रबराला भेगा. असा टायर पाण्याच्या वजनाखाली एक खेप टिकला नसता. आता चिखलाचे तीन, तेही झिजलेले, आणि रस्त्याचे सगळे चिरलेले. टाकीही गेलेली. खेपा थांबल्या.

काही दिवसांनी शेटजी स्वतः टेम्पो घेऊन आमच्या गावात आले. मागं ते दोन्हीकडचे टायर होते, चारही. म्हणाले, "दाजी, चढवा. पैशाचं बोलू नका, पाऊस आल्यावर बघू." दाजींनी टायर टेम्पोतच उभा केला, गुडघा टेकवला, खाचेत बोट घातलं. पेरापर्यंत गेलं.

"चांगला टायर हाय, शेटजी. आधी सांगायचं."

"आठ वर्षं सांगून राह्यलो, दाजी."

"व्हय. मीच ऐकून न्हाई घेतलं." एवढं म्हणून ते उठले. "चला, आधी बागेत जाऊ. एक जरी हिरवं निघालं तरी चढवू."

झाड जिवंत आहे की नाही बघायचं असेल तर सालीला नखानं ओरखडा काढतात. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. दाजी एका बाजूनं, शेटजी दुसऱ्या बाजूनं, मी मधल्या ओळीतून. शेटजींनी खिशातला लहान चाकू काढला होता. पहिलं झाड, तपकिरी. दुसरं, तपकिरी. काही वेळानं ओरखडा काढायच्या आधीच बोटाला कळायला लागलं. साल सुटी झाली होती. सगळी बाग संपली तेव्हा आम्ही तिघं बांधावर आलो. शेटजींनी चाकू मिटला, खिशात ठेवला, आणि जाताना दाजींच्या खांद्यावर हात ठेवून मारवाडीत काहीतरी बोलले. मी त्यांना एवढ्या हळू आवाजात मारवाडी बोलताना पहिल्यांदा ऐकलं. टायर परत गेले.

त्यानंतरही दाजींनी चिखलाचे टायर उतरवले नाहीत. दारात पिकअप तसाच उभा. आणि गावात ज्यांची झाडं वाळली होती, त्यांनीही तोडली नाहीत. सगळ्यांनी नखानं बघितलेलं होतं. पण मेली असं कोणी म्हणत नव्हतं.

वैशाखाच्या शेवटी एक दिवस सकाळीच दाजी माझ्या दारात आले. म्हणाले, "मेव्हणे, तलाव आटला म्हणतात. माझं शेत उघडं पडलंय. येता का?" रिकामी गाडी, तीन टायर चिखलाचे, एक सरळ. हळूहळू गेलो.

तलाव म्हणजे नुसती भेगाळलेली जमीन. मधून मधून भिंतींचे चौथरे, एका जागी जातं. दाजी सरळ चालत गेले, जणू कालच इथून उठून आले होते. चिंचेचा बुंधा राहिला होता, काळा, दगडासारखा. विहीर गाळानं तोंडापर्यंत भरलेली. ते काठावर उभं राहून म्हणाले, "पाणी होतं म्हणून हितून उठलो. आता पाणी न्हाई म्हणून तिथून उठायचं. माझ्याच मागं लागलंय का काय हे?"

तलावाच्या मधोमध अजून थोडा ओला चिखल होता, म्हशी बसतील एवढा. दाजींनी तो बघितला आणि गाडीत जाऊन बसले. मी ओरडलो, "अहो, रुतंल." त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या गियरमध्ये पिकअप त्या चिखलात घातला. चाकं फिरली, रुतली, परत फिरली. झिजलेल्या ठोकळ्यांनी जेवढी धरायची तेवढी पकड धरली, काळे गोळे वर उडाले, काचेवर आले, माझ्या धोतरावर आले. दोन वर्षांत त्या टायरना मिळालेला तो पहिला चिखल. दाजींनी एक गोल फेरा मारला, मग दुसरा, आणि गाडी बाहेर काढून माझ्यासमोर आणून उभी केली. ते हसत होते. तोंडावर चिखल, आणि सगळे दात दिसत होते. म्हणाले, "बघितलं का? टायर चांगले होते. साल वंगाळ निघालं."

दाजी त्यानंतर काही वर्षं जालन्यात जगले. माझा भाचा, म्हणजे दाजींचा मुलगा, एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता, त्यानं त्यांना त्याच मिलच्या फाटकावर राखणीला बसवलं. मी भेटायला जायचो तेव्हा स्टुलावर बसलेले दिसायचे. आत-बाहेर करणाऱ्या ट्रकांच्या चाकांकडं बघायचे, पण वाकायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "दाजी, त्या ट्रकचं पुढचं चाक आतून खाल्लंय का?" ते म्हणाले, "आसंल. ज्याचं त्यानं बघावं." तेव्हा मला समजलं की आता हे फार दिवस राहत नाहीत. ते गेले त्या साली पाऊस चांगला होता. आमच्या शिवारात तोवर मोसंबीचं एक झाड नव्हतं, सगळीकडं कापूस.

पण त्यांचं जाणं म्हटलं की मला जालन्याचं ते मरण आठवत नाही. मला ते गाव सोडून गेले तो दिवस आठवतो. मृगाला थोडेच दिवस उरले होते. भाच्यानं टेम्पो आणला होता. सामान फार नव्हतंच. अक्का माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून पिकअपपाशी गेली, पुढच्या उजव्या चाकाला तिनं बोटं लावली आणि ती कपाळाला लावून घेतली. गावातली बरीच माणसं आली होती. रंगनाथही होता. सगळे दाजींकडं कमी आणि पिकअपच्या चाकांकडं जास्त बघत होते.

दाजींनी माझ्या हातात किल्ली ठेवली.

"मेव्हणे, ते टायर तुम्ही काढा."

"मी न्हाई काढणार. तुम्ही चढवले, तुम्ही काढा."

"माझ्या हातून होत न्हाई ते."

"मंग राहू द्या तसेच."

त्यांनी आवाज खाली आणला. "ही सगळी माणसं माझ्या चाकाकडं बघून बसलीत. वाळलेल्या झाडाखाली अजून एक साल बसतील. जमीन आडून राहीन. तुम्ही माझ्यापेक्षा हट्टी हायत, पण तुमच्या तोंडातून खोटं निघत न्हाई. काढा."

टेम्पो गेला. पांदणीत धूळ उडाली ती बराच वेळ खाली बसली नाही. मी पिकअपला हात न लावता घरी आलो आणि जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जॅक आणि पाना घेऊन गेलो. नट गंजून धरले होते, पान्यावर उभं राहून ते सोडवावे लागले. पहिला टायर उतरवला आणि सवयीनं खाचेत बोट घातलं. नखापर्यंतच गेलं. आतल्या कडेला एका खाचेत तलावातल्या मातीचा वाळलेला तुकडा बसला होता. मी टायर जमिनीवर आपटला. तो निघाला नाही. परत आपटला, तरी नाही. मग तसाच राहू दिला.

एकेक करत माणसं जमली. दुसरा उतरला, तिसरा उतरला. ती सरळ धारीची स्टेपनीही उतरवली, आणि सगळे दाजींच्या भिंतीला ओळीनं लावून ठेवले, रस्त्यावरून दिसतील असे. पिकअप दगडांवर उभा राहिला. रंगनाथनं ते शेवटपर्यंत बघितलं, पागोटं नीट केलं आणि निघून गेला. मी हात धूत होतो तेवढ्यात त्याच्या बागेतून पहिला घाव ऐकू आला. मग पलीकडून दुसऱ्या कोणाचा. मग नाल्याच्या अंगानं.

मी घरी गेलो, माझी कुऱ्हाड घेतली आणि दाजींच्या बागेकडं चालायला लागलो.